नौकांच्या प्रदर्शनांतील तिकिटाचें मोल

प्रदर्शन आणि बाजार यांत एक भेद असा आहे कीं, बाजारांत शिरण्यास पैसे पडत नाहींत आणि प्रदर्शनांत ते पडतात. मंडईच्या दारावर भाजीसाठीं आलेल्या गृहस्थाकडे कोणी प्रवेशशुल्क मागितलें, तर तो रिकामी पिशवी घेऊन तसाच माघारीं फिरेल. तोच गृहस्थ प्रदर्शनाच्या दारावर मात्र मुकाट्यानें रांग धरून तिकीट घेतो. वास्तविक आंत बसलेले लोकहि विकण्यासाठींच बसलेले असतात, आणि त्यांनीं आपल्या जागेचें भाडें भरलेलें असतें. म्हणजे एकाच छपराखालीं विकणाराहि पैसे देतो आणि पाहणाराहि पैसे देतो. अशा वेळीं पाहणाराला आपल्या पैशाचा मोबदला कोणत्या रूपानें मिळतो, हा प्रश्न विचारणें अगदीं रास्त आहे.

पाश्चात्य देशांत भरणाऱ्या नौकांच्या प्रदर्शनांत हा प्रश्न जितक्या तीव्रतेनें उभा राहतो, तितका तो दुसरीकडे क्वचितच राहत असेल. पुस्तकांच्या प्रदर्शनांतून मनुष्य निदान एखादें पुस्तक घेऊन बाहेर पडूं शकतो. फुलांच्या प्रदर्शनांतून गुलाबाची एखादी कुंडी आणतां येते. नौकांच्या प्रदर्शनांत मांडलेली मुख्य वस्तु मात्र घराच्या किंमतीची, कित्येकदां अनेक घरांच्या किंमतीची असते. बहुतेक प्रेक्षकांना ती घेणें या जन्मीं शक्य नसतें, आणि ही गोष्ट त्यांना पुरती ठाऊक असते. तरीहि मुलाबाळांना बरोबर घेऊन, आगगाडीचें भाडें भरून, दिवसभर पायांना शीण देण्यास हीं कुटुंबें आनंदानें जातात. त्यांना वेडीं म्हणून हा प्रश्न सुटण्यासारखा नाहीं.

या प्रदर्शनांची परंपरा आतां शंभर वर्षांहून जुनी झालेली आहे. तेलाच्या एंजिनावर चालणाऱ्या होड्या ज्या काळांत नव्यानें प्रचारांत येत होत्या, त्या काळांत, म्हणजे १९०५ सालीं, न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मोटारहोड्यांचें राष्ट्रीय प्रदर्शन भरलें. इटलींतील जिनोआचें प्रदर्शन १९६२ सालीं सुरू झालें. जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ आणि इंग्लंडांतील साउदॅम्पटन येथील प्रदर्शनें १९६९ सालीं सुरू झालीं, आणि अमेरिकेंतील अ‍ॅनापोलिस येथें १९७० सालीं शिडाच्या होड्यांचें प्रदर्शन प्रत्यक्ष पाण्यावर मांडण्यांत आलें. लंडनचें प्रदर्शन यांतील बहुतेकांच्या आधींचें. तें १९५५ च्या आरंभीं ऑलिंपिया येथील एम्पायर हॉलमध्यें भरलें. 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राचें त्याला पाठबळ होतें. थोड्याच वर्षांत ती जागा अपुरी पडूं लागली आणि प्रदर्शन अर्ल्स कोर्टच्या विस्तीर्ण मंडपांत गेलें.

लंडनचें प्रदर्शन जानेवारींत भरत असे. ऐन हिमाळ्यांत, नद्यांवर धुकें पसरलेलें असतांना, होड्या पाहण्यास कोण येणार, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु त्या निवडीच्या मागें व्यवहार होता. इंग्लंडांत थंडीच्या महिन्यांत हौशी माणसांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झांकून ठेवलेल्या असतात. कोंकणांत पावसाळ्याच्या तोंडीं मचवे वर ओढून त्यांवर झापांचें छप्पर घालतात, त्यांचे सांधे तपासतात, आणि नारळी पौर्णिमेकडे डोळे लावून बसतात; तसाच हा प्रकार. होडीच्या मालकाचे हात रिकामे, मन समुद्रावर आणि पुढचा हंगाम तीन-चार महिन्यांवर, अशी ही वेळ असते. जानेवारींत मागणी नोंदविली, तर कारखानदार वसंत ऋतूपर्यंत होडी तयार करून देऊं शकतो. साउदॅम्पटनचें प्रदर्शन याच्या उलट सप्टेंबरांत, हंगामाच्या शेवटीं भरतें. तेथें मेफ्लॉवर पार्कच्या कांठीं दरवर्षीं तरते धक्के जोडून एक तात्पुरतें बंदर उभारतात, आणि होड्या पाण्यांत बांधलेल्या पाहावयास मिळतात.

पाण्याबाहेरची होडी आणि पाण्यांतली होडी यांत केवढें अंतर असतें, हें ज्यानें दोन्ही पाहिल्या त्यालाच समजतें. मंडपांत टेकूंवर उभी केलेली होडी आहे त्याहून मोठी भासते. तिचा जो भाग पाण्याखालीं जावयाचा, तोहि डोळ्यांपुढें असतो. शिडी चढून वर जावें लागतें. दिव्यांचा झगझगाट असतो. ती हलत नाहीं, म्हणून तिच्या आंतील दोन पावलांचें स्वयंपाकघर सोयीचें वाटतें, आणि नाळेकडील अरुंद बिछान्यांवर दोन माणसें सुखानें निजतील असा भरंवसा वाटतो. तीच होडी पाण्यावर पाहिली, म्हणजे एका माणसानें कांठावर पाय ठेवतांच ती कशी कलते, आणि शेजारून दुसरी होडी गेली म्हणजे टेबलावरील पेला कसा सरकतो, तें कळूं लागतें. पण मंडपालाहि त्याचा स्वतंत्र गुण आहे. सुकाणूचा जोड कसा आहे, तळाचा कणा किती खोल आहे, पंखा कोठें बसविला आहे, या गोष्टी पाण्यांतील होडींत मुळींच दिसत नाहींत. खरा जाणता मनुष्य म्हणूनच घाई करीत नाहीं. तो एकीकडे होडीचें पोट पाहतो आणि दुसरीकडे तिची चाल पाहतो.

अर्ल्स कोर्टनें या दोहोंचा मेळ घालण्याचा एक विलक्षण प्रयत्न केला होता. १९३७ सालीं बांधलेल्या त्या इमारतीच्या जमिनीखालींच एक प्रचंड हौद केलेला होता. वरची जमीन दूर करून त्यांत वीस लाख गॅलनांहून अधिक पाणी भरीत. तो भरण्यास सुमारें चार दिवस लागत आणि रिकामा करण्यास तितकेच. नौकांच्या प्रदर्शनासाठीं हा हौद भरला, म्हणजे बाहेर जानेवारीचा पाऊस आणि आंत छपराखालीं तरंगणाऱ्या होड्या, असा देखावा दिसे. प्रदर्शनांतील निम्म्या वस्तूंची किंमत ज्यांना समजत नसे, त्या मुलांनाहि हें पाणी समजत असे. तिकिटाचे कांहीं पैसे या हौदापाशींच फिटत असत, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां प्रेक्षकाचा दिवस कसा जातो तें पाहूं. दारावर तिकीट होतें. त्याआधीं प्रवासाचा खर्च झालेला असतो, आणि स्वतःची मोटार आणली असल्यास ती उभी करण्याचे पैसे निराळे. आंत शिरतांच दोराचे, कपड्यांचे, कंदिलांचे, होकायंत्रांचे, रंगांचे असंख्य गाळे लागतात. त्यांपलीकडे होड्या. मोठ्या होडीवर चढण्यापूर्वीं पायांतील जोडे काढून ठेवावे लागतात, कारण गुळगुळीत लांकडी तक्तपोशीवर खिळ्यांचा ओरखडा उमटूं द्यावयाचा नसतो. हिंदी मनुष्यास या नियमाचें नवल वाटणार नाहीं. परंतु शिडीच्या पायथ्याशीं करंडींत पडलेला पादत्राणांचा ढीग, आणि वर मोजे घालून हळूहळू फिरणारी प्रतिष्ठित साहेब मंडळी, हा देखावा इंग्लंडांत विरळाच. सर्वांत मोठ्या नौकांवर तर तितकाहि प्रवेश मिळत नाहीं. तेथें दोर लावलेला असतो, पुढें नम्र चेहऱ्याचा एक तरुण उभा असतो, आणि आधीं वेळ ठरविल्यावांचून वर जातां येत नाहीं. दुपारीं साधें जेवण घ्यावें, तर तें बाहेरच्यापेक्षां महाग असतें. संध्याकाळीं मुलांचे पाय दुखतात, हातांत छापील पत्रकांची जड पिशवी असते, आणि घरीं परततांना कुटुंबप्रमुखाच्या मनांत हिशेब सुरू होतो.

या हिशेबांत दर माणसाचें उत्तर निराळें येतें, आणि त्याचें कारण तिकिटाच्या किंमतींत नसून येण्याच्या हेतूंत असतें. स्थूल मानानें प्रेक्षकांचे तीन वर्ग पाडतां येतील. पहिला वर्ग खरोखर होडी घेऊं इच्छिणाऱ्यांचा. त्यांना हें तिकीट अत्यंत स्वस्त पडतें. दहा गांवांतील दहा कारखाने पाहत हिंडण्यास जो खर्च आणि जे दिवस लागले असते, ते एका दिवसांत वांचतात. शिवाय दोन प्रतिस्पर्धी कारखानदार समोरासमोर असल्यामुळें एकाचें म्हणणें दुसऱ्याकडून तपासून घेतां येतें. दुसरा वर्ग ज्यांच्याजवळ आधींच एखादी लहानशी होडी आहे अशांचा. त्यांना नवा दोर, शिडाचें कापड, पाण्यावर तरंगविणारें जाकीट असल्या जिनसा घ्यावयाच्या असतात. प्रदर्शनांत मिळणाऱ्या सवलतीमुळें तिकिटाचे पैसे कित्येकदां तेथल्या तेथेंच भरून निघतात. तिसरा वर्ग केवळ पाहणारांचा, आणि संख्येनें तोच मोठा. तक्रार येते ती मुख्यतः या वर्गाची. पाहण्यासाठीं पैसे घेतले आणि दोराबाहेर उभें केलें, असें त्याला वाटतें; आणि तें वाटणें सर्वस्वीं अन्यायाचें नाहीं.

पहिल्या वर्गालाहि एका गोष्टींत सावध राहावें लागतें. होडीपुढें उभ्या केलेल्या फलकावर जी किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, ती बहुधा प्रारंभींची किंमत असते. समोर दिसणाऱ्या होडीवर जीं उंची शिडें, यंत्रें, गाद्या आणि सागवानी तक्तपोशी असते, त्यांतील पुष्कळसें सामान त्या आंकड्यांत धरलेलें नसतें. कर, कारखान्यापासून बंदरापर्यंत आणण्याचा खर्च, पाण्यांत सोडण्याची मजुरी हीं त्यावर चढतात. आणि होडी ही एकदां घेऊन कपाटांत ठेवण्याची वस्तु नव्हे. तिला बंदरांत बांधण्याचें भाडें आहे, विमा आहे. तळाला शेवाळ आणि कालवें चिकटूं नयेत म्हणून वेळच्या वेळीं विशिष्ट रंग द्यावा लागतो. थंडींत तिला वर काढावी लागते. किंमतीच्या सुमारें दहावा हिस्सा दरसाल खर्चास लागतो, असा ठोकताळा या व्यवहारांत सर्वत्र सांगतात. समजा, एखादी होडी एक लक्षाला घेतली, तर दहा वर्षांत तितकीच रक्कम पुन्हां तिच्या पोटांत गेलेली असते. ज्या विक्रेत्याला हा प्रश्न विचारला असतां तो वर्षाच्या खर्चाचा आंकडा निमूटपणें कागदावर मांडून देतो, त्याच्यापाशीं थांबावें. जो विषय बदलून गाद्यांचा रंग दाखवूं लागतो, त्याला नमस्कार करून पुढें जावें.

परंतु नौकांच्या प्रदर्शनाचें खरें मोल पाहावयाचें, तर त्याच्या इतिहासांतील एका लहानशा होडीकडे वळलें पाहिजे. १९६३ च्या जानेवारींत लंडनच्या प्रदर्शनांत 'मिरर' नांवाची होडी लोकांपुढें आली. लांबी अवघी दहा फूट दहा इंच. जॅक होल्ट हा नामांकित होडी-रचनाकार आणि बॅरी बकनेल हा दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारा गृहस्थ, या दोघांनीं मिळून ती सिद्ध केली होती. 'डेली मिरर' या वृत्तपत्रानें ती पुरस्कारिली, म्हणून तिचें शीडहि त्या पत्राच्या ठळक लाल रंगाचें ठेवलें होतें. ही होडी तयार विकत घेण्याची नव्हती. प्लायवुडचे कापलेले तुकडे एका संचांत मिळत. ते कांठाकांठांनीं भोंकें पाडून तांब्याच्या तारेनें अक्षरशः शिवावयाचे, आणि मग सांध्यांवर कांचतंतूची पट्टी व राळेसारखें चिकट द्रव्य बसवून ते पक्के करावयाचे. मोठीं हत्यारें नकोत, सुताराचें कसब नको. घराच्या मागच्या खोलींत बापलेकांना हें काम करतां येई. डोलकाठी आणि इतर काठ्या होडीच्याच लांबींत मावत, त्यामुळें सारें बिऱ्हाड मोटारीच्या टपावर बांधून नेतां येई.

तिची किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. त्या काळीं इंग्लंडांतील कामगाराचें आठवड्याचें सरासरी वेतन सुमारें सोळा-सतरा पौंड होतें. म्हणजे चार आठवड्यांच्या मजुरींत एक सामान्य कुटुंब समुद्रावर जाऊं शकत होतें. तोंपर्यंत शिडाची होडी ही श्रीमंतांची, क्लबांत वावरणाऱ्यांची चैन समजली जात असे. पुढें मिरर जातीच्या सत्तर हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा अशा घरांत जन्मल्या कीं, ज्या घरांत पूर्वीं कोणीं सुकाणूला हात लावलेला नव्हता. त्या प्रदर्शनांत दोराबाहेर उभा राहणारा तिसऱ्या वर्गांतील मनुष्य एकाएकीं पहिल्या वर्गांत आला होता. तिकिटाची याहून चांगली परतफेड कल्पितां येणार नाहीं.

याच होल्टची दुसरी एक होडी श्रोत्यांच्या अधिक जवळची आहे. 'एंटरप्राइज' हें तिचें नांव. 'न्यूज क्रॉनिकल' या पत्रानें पुरस्कारिलेल्या या होडीची जाहिरात मोठ्या धाडसानें केली गेली. १९५६ च्या जानेवारींत अशा दोन होड्या रात्रीच्या वेळीं इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यास नेण्यांत आल्या. अवघ्या सव्वातेरा फुटांची उघडी होडी ऐन थंडींत खाडी पार करते, हें पाहिल्यावर तिच्याविषयीं निराळें सांगण्याची गरज उरली नाहीं. पुढें ही जात हिंदुस्थानांतहि रुजली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रांत झाल्या, त्यांत एंटरप्राइज होड्यांची शर्यत होती.

हें सारें लक्षांत घेतलें, म्हणजे लंडनच्या प्रदर्शनाचा शेवट अधिक विचार करण्यासारखा वाटतो. २००४ सालीं तें अर्ल्स कोर्ट सोडून लंडनच्या पूर्वभागांत, जुन्या गोदीच्या कांठच्या एक्सेल या नव्या वास्तूंत गेलें. अर्ल्स कोर्ट २०१४ सालीं बंद झालें, आणि नंतर पाडलें गेलें. त्याबरोबर तो हौदहि गेला. २०१८ च्या जानेवारींत लंडनचें प्रदर्शन पांच दिवसांपुरतें आखडून भरलें, आणि तेंच शेवटचें ठरलें. पुरेसे होडी-कारखानदार यावयास तयार नाहींत, असें कारण देऊन २०१९ चें प्रदर्शन रद्द करण्यांत आलें. कारखानदारांचा हिशेबहि समजण्यासारखा आहे. हिवाळ्यांत जड होडी रस्त्यानें आणावयाची, जागेचें भाडें भरावयाचें, माणसें ठेवावयाचीं, आणि इतकें करून गिऱ्हाईक थोडें. त्यापेक्षां त्याच महिन्यांत ड्युसेलडॉर्फला गेलें, तर साऱ्या युरोपचें गिऱ्हाईक एका ठिकाणीं भेटतें. तेथें नऊ दिवसांत दोन लाखांहून अधिक माणसें येतात, आणि मांडणी करणारांची संख्या दीड हजारांच्या घरांत असते.

तथापि या हिशेबांत एक रकाना राहून जातो. जो मुलगा आज बापाच्या बोटाला धरून केवळ हौद पाहण्यास येतो, तो वीस वर्षांनीं होडी घेण्यास येतो. त्याच्याकडून आज कांहीं विक्री होत नाहीं, म्हणून त्याची गणना कोणत्याच वहींत होत नाहीं. मोठमोठ्या नौका पुढें आल्या, लहान होड्या कोपऱ्यांत गेल्या आणि दोराबाहेरची जागा वाढत गेली, तर त्या मुलाला परत येण्याचें कारण उरत नाहीं. ज्या प्रदर्शनांत मुलांना वल्हें हातांत धरूं देतात, गांठी मारावयास शिकवितात, लहान होडींत बसवून पाण्यावर एक फेरी मारून आणतात, आणि १८२४ पासून बुडत्यांना वांचविण्याचें काम करणाऱ्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे लोक तरंगत्या जाकिटाचे बंद नीट बांधून दाखवितात, त्या प्रदर्शनाविरुद्ध तक्रार क्वचितच ऐकूं येते. तेथें तिकीट महाग असलें तरी तें खटकत नाहीं.

प्रेक्षकाच्या बाजूनेंहि थोडी तयारी हवी. सकाळीं लवकर जावें, कारण दुपारीं होड्यांवर रांगा लागतात. पाहण्याच्या चार-पांच होड्या आधींच ठरवाव्या. सर्व पाहूं म्हणणारास कांहींच दिसत नाहीं. फराळाचा डबा बरोबर न्यावा. पायांत सहज निघणारे जोडे असावे. जीं व्याख्यानें तिकिटांतच अंतर्भूत असतात, तीं सोडूं नयेत. लांबचा समुद्रप्रवास केलेल्या माणसाच्या तोंडून अर्ध्या घटकेंत जें कळतें, तें पत्रकांच्या पिशवींत सांपडत नाहीं.

आणि झगझगाट पाहून मन दबूं लागलें, तर एका होडीची आठवण ठेवावी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशानें १९६८–६९ सालीं ३१२ दिवसांत एकट्यानें, कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारा तो पहिला मनुष्य. त्याच्याबरोबर त्या शर्यतींत उतरलेल्या दुसऱ्या आठ जणांपैकीं एकहि ती पूर्ण करूं शकला नाहीं. त्याची 'सुहैली' ही होडी ३२ फुटांची, सागवानी, बुटकी आणि संथ चालीची होती, आणि ती मुंबईंत, इथल्या सुतारांनीं हातांच्या हत्यारांनीं बांधली होती. झगझगत्या मंडपांत ती ठेवली असती, तर तिच्यापुढें फार लोक थांबले नसते. जोडे काढून मोठ्या नौकेवर चढणाऱ्या प्रेक्षकानें, उतरल्यावर, कोपऱ्यांतील लहान होड्यांकडेहि एक फेरी अवश्य मारावी. दिलेल्या पैशांपैकीं पुष्कळसे तेथें वसूल होण्याचा संभव असतो.